विश्लेषण : एका माणसाला एक कार्ड! कागदाच्या भोकांत माहिती साठवणारे हर्मन होलेरिथ कोण होते?

जनगणना २०२७ मध्ये प्रगणक कागदी फॉर्मऐवजी मोबाइल ॲपवर माहिती भरणार आहेत. नालासोपारा पूर्वेला आचोळे रोडवरच्या एखाद्या इमारतीत प्रगणक येईल, घरात किती माणसे, कोण काय शिकले, कोण काय काम करते हे विचारेल, मोबाइलवर बोट फिरवेल आणि शेजारच्या दाराची बेल वाजवेल. भरलेली माहिती कुठे जाऊन बसली, हे ना त्याला दिसेल ना घरातल्यांना. एकेकाळी मात्र माहिती डोळ्यांना दिसत असे, हातात धरता येत असे आणि हातातून पडली तर जमिनीवरून गोळा करावी लागत असे. जाड कागदाच्या कार्डावर भोके पाडून ती साठवली जायची. संगणकाच्या जन्माआधी पन्नासएक वर्षे सुरू झालेली ही पद्धत संगणक आल्यावरही काही दशके टिकली. ती रुजवली अमेरिकेच्या जनगणना कार्यालयात नोकरीला लागलेल्या एका तरुण अभियंत्याने. हर्मन होलेरिथ हे त्यांचे नाव.

लीप वर्षातला जन्म, खाणकामाची पदवी...

होलेरिथ यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८६० रोजी न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात झाला. आईवडील जर्मनीतून आलेले. आयुष्यभर माणसांची वये मोजणारी यंत्रे बनवणाऱ्या या माणसाचा स्वतःचा वाढदिवस चार वर्षांतून एकदाच येई. १९०० हे लीप वर्ष नसल्याने १८९६ नंतरचा वाढदिवस तर थेट १९०४ मध्ये उजाडला. ते सात वर्षांचे असताना वडील वारले. शाळेत स्पेलिंगचा त्यांनी धसका घेतला होता. तो तास टाळण्यासाठी त्यांनी खिडकीतून उडी मारल्याची गोष्ट त्यांच्या चरित्रांत हमखास येते. पुढे त्यांचे शिक्षण घरीच खासगी शिकवणीने झाले. मुलगा हुशार निघाला. १८७९ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, कोलंबियाच्या स्कूल ऑफ माइन्समधून ते खाण अभियंता होऊन बाहेर पडले. खाणीत मात्र ते कधी रमले नाहीत. त्यांचे प्राध्यापक विल्यम ट्रोब्रिज १८८० च्या जनगणनेत काम पाहत होते, त्यांनी या विद्यार्थ्याला मदतनीस म्हणून सोबत नेले.

तिथे जे काम चालले होते, ते पाहण्यासारखे होते. पाच कोटी माणसांची माहिती घरोघरी जाऊन गोळा झाली होती. गोळा करणे त्या मानाने सोपे. खरे काम पुढे होते. अमुक राज्यात अमुक वयाचे किती, त्यांतले परदेशात जन्मलेले किती, विवाहित किती, शेतमजूर किती, अशा प्रत्येक प्रश्नासाठी कारकून पुन्हा तीच पाने उलटत, रेघा मारत आणि रेघा मोजत. प्रश्न बदलला की पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. या जनगणनेचे सगळे तक्ते पूर्ण व्हायला सात-आठ वर्षे गेली. देशाची लोकसंख्या झपाट्याने वाढत होती, त्यामुळे एका जनगणनेचे आकडे हाती येईपर्यंत पुढची दारात उभी राहणार, हे उघड होते.

जन्म-मृत्यूच्या आकडेवारीचे काम पाहणारे डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी गप्पांच्या ओघात होलेरिथ यांना सुचवले की, हे मोजण्याचे काम करणारे एखादे यंत्र असायला हवे. माणसाची माहिती कार्डाच्या कडेला खाचा पाडून नोंदवता येईल, असेही त्यांच्या मनात होते. बिलिंग्ज यांनी कल्पना दिली आणि ते आपल्या कामाला लागले. होलेरिथ यांच्या डोक्यातून मात्र ती गेली नाही.

रेल्वेच्या तिकिटावरून सुचलेली युक्ती...

१८८२ मध्ये होलेरिथ एमआयटीत यांत्रिक अभियांत्रिकी शिकवायला गेले. शिकवणे त्यांना मानवले नाही. वर्षभरात ते सोडून त्यांनी वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयात नोकरी धरली, आणि पेटंट कसे लिहायचे, कसे राखायचे हे शिकून तीही सोडली. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी आपला पहिला अर्ज दाखल केला. त्यात कार्ड नव्हते, कागदाची लांब पट्टी होती. पट्टीवर भोके पाडायची आणि ती यंत्रातून ओढायची.

पट्टीतली अडचण त्यांना लवकरच कळली. समजा, पट्टीवर हजार माणसे नोंदली आहेत आणि त्यातल्या विधवांची माहिती वेगळी काढायची आहे. पट्टी कापणार कशी? एकेका माणसाला उचलून वेगळे ठेवता आले पाहिजे. इथे त्यांना रेल्वे आठवली. त्या काळी अमेरिकेत काही गाड्यांवर कंडक्टर तिकिटाच्या कडेला छापलेल्या वर्णनावर पंच मारत. केस फिकट, डोळे काळे, नाक मोठे. तिकीट दुसऱ्याला विकता येऊ नये म्हणून केलेली ही सोय होती. प्रवाशाचे वर्णन भोकांतून सांगणारे तिकीट जमत असेल, तर माणसाचे वय, धंदा, जन्मस्थान सांगणारे कार्ड का जमू नये? होलेरिथ यांनी पट्टी सोडली आणि माणशी एक कार्ड धरले.

भोके पाडून यंत्राला आज्ञा देणे ही नवी गोष्ट नव्हती. फ्रान्समध्ये जकार्ड यांचा माग भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी विणत होता, आणि इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी तशीच कार्डे योजली होती. होलेरिथ यांचा बदल वेगळा आहे. त्यांच्या कार्डावरचे भोक यंत्राला आज्ञा देत नव्हते, ते एका माणसाबद्दलची खरी गोष्ट सांगत होते. आपल्या मते त्यांच्या सगळ्या कामाचे सार एवढ्यात आहे.

भोक वाचायचे कसे?...

१८९० च्या जनगणनेचे कार्ड आजच्या डोळ्यांना फसवे वाटेल, कारण त्यावर काहीही छापलेले नव्हते. कोरा, जाड, एक कोपरा कापलेला कागद. कोपरा अशासाठी की गठ्ठ्यातले एखादे कार्ड उलटे गेले तर लगेच दिसावे. या कार्डावर २८८ जागा ठरवलेल्या होत्या. एक विशिष्ट जागा म्हणजे पुरुष, तिच्या शेजारची म्हणजे स्त्री. एक जागा अविवाहिताची, एक विवाहिताची. अक्षर नाही, आकडा नाही. भोक कुठे आहे, हाच त्याचा अर्थ.

भोक पाडणाऱ्या कारकुनापुढे एक मोठी धातूची पाटी असे, तिच्यावर या जागा नावानिशी मांडलेल्या. हातातला दांडा पाटीवरच्या योग्य जागी दाबला की मागे, कार्डावर तेवढ्याच नेमक्या ठिकाणी भोक पडे. एका कारकुनाच्या हातून दिवसाला काही शे कार्डे होत. या कामावर महिला मोठ्या संख्येने होत्या.

मग कार्ड वाचण्याच्या यंत्रात जाई. खाली एक फळी, तिच्यात पारा भरलेल्या छोट्या वाट्या, प्रत्येक जागेखाली एक. वर स्प्रिंगवर बसवलेल्या टाचण्यांची चौकट. मध्ये कार्ड ठेवून चौकट खाली ओढली की जिथे कागद आहे तिथे टाचणी अडे, जिथे भोक आहे तिथे ती आरपार जाऊन पाऱ्यात बुडे. पाऱ्यातून वीज वाहू लागे आणि समोरच्या तबकड्यांवरचा काटा एका घराने पुढे सरके. अशा ४० तबकड्या होत्या आणि प्रत्येक ९,९९९ पर्यंत मोजत असे. कार्ड नीट वाचले गेले की घंटी वाजे. त्याच क्षणी बाजूच्या पेटीतील एका खणाचे झाकण आपोआप उघडे आणि कारकून ते कार्ड त्या खणात टाकून झाकण लावे. मोजणी आणि वर्गवारी एकाच फेरीत.

तारा बदलल्या की प्रश्न बदले. विवाहित, स्थानिक जन्माच्या, अमुक वयाच्या स्त्रिया किती, असा जोडप्रश्न विचारायचा तर त्या तीन भोकांची वीज एकत्र जुळली तरच काटा हलेल, अशी जोडणी करता येत असे. कार्डे तीच राहत. १८८० मध्ये ज्या प्रश्नासाठी सगळी पाने पुन्हा उलटावी लागत होती, तो आता फक्त तारांचा प्रश्न झाला. कंटाळलेले कारकून मधूनच वाट्यांतला पारा काढून घेत आणि यंत्र बंद पडले म्हणून तेवढीच विश्रांती मिळवत, अशी आठवण या कार्यालयाबद्दल सांगितली जाते. सरकारी कार्यालय कोणत्याही देशाचे असो!

तीन पद्धतींची शर्यत...

बाल्टिमोरच्या मृत्युनोंदींवर या पद्धतीची चाचणी आधीच झाली होती. ८ जानेवारी १८८९ रोजी पेटंटे मिळाली. जनगणना कार्यालयाने मात्र डोळे झाकून यंत्र घेतले नाही, तीन पद्धतींची स्पर्धा लावली. दोन प्रतिस्पर्धी रंगीत कार्डे आणि रंगीत शाईच्या चिठ्ठ्यांवर अवलंबून होते. सेंट लुईस शहराच्या काही भागांतील १०,४९१ माणसांची जुनी माहिती तिघांना देण्यात आली. माहिती उतरवायला होलेरिथ यांच्या पद्धतीला सुमारे साडेबहात्तर तास लागले, इतर दोघांना सुमारे १११ आणि १४४ तास. खरा फरक पुढच्या टप्प्यात पडला. तक्ते करायला इतरांना ४४ आणि ५५ तासांच्या वर लागले, होलेरिथ यांचे काम साडेपाच तासांत उरकले.

१८९० मध्ये अमेरिकेची लोकसंख्या सुमारे सव्वासहा कोटी निघाली आणि ढोबळ बेरीज काही आठवड्यांत हाती आली. लोक खूश झाले का? नाही. आकडा याहून मोठा निघेल अशी अपेक्षा होती, त्यामुळे यंत्रच चुकले असणार अशी ओरड झाली. त्याच वर्षी कोलंबियाने होलेरिथ यांना या यंत्रावरील कामासाठी डॉक्टरेट दिली, फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने पदक दिले आणि सप्टेंबरमध्ये ल्युशिया टॅलकॉट यांच्याशी त्यांचे लग्न झाले. त्यांना पुढे सहा मुले झाली. ऑस्ट्रिया, कॅनडा, नॉर्वे आणि मग १८९७ मध्ये रशियाच्या जनगणनेतही त्यांची यंत्रे पोहोचली.

तेव्हा भारतात काय होते? १९०१ च्या जनगणनेपासून आपल्याकडे चिठ्ठी पद्धत आली. माणशी एक चिठ्ठी, धर्मानुसार वेगळ्या रंगाचा कागद, आणि कारकून त्या हाताने खणांत लावून मोजत. माणशी एक तुकडा ही कल्पना तीच, फक्त विजेच्या जागी माणसाचे डोळे.

यंत्रे विकायची नाहीत, भाड्याने द्यायची...

जनगणना दहा वर्षांतून एकदा येते. मधल्या काळात यंत्रे धूळ खात पडणार, हे होलेरिथ यांच्या लक्षात आले तेव्हा पैशांची चणचण सुरू झाली होती. त्यांनी न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वे गाठली. तिथे वर्षाला सुमारे ४० लाख मालवाहतूक पावत्यांचा हिशेब होत असे. इथे नुसती माणसे मोजून भागणार नव्हते, वजन आणि भाडे यांची बेरीज हवी होती. त्यांनी यंत्रात बेरजेची सोय केली आणि रेल्वेचा विश्वास बसावा म्हणून ते वर्षभर विनामूल्य वापरायला दिले. रेल्वे गिऱ्हाईक झाली. ३ डिसेंबर १८९६ रोजी टॅब्युलेटिंग मशीन कंपनी स्थापन झाली.

यंत्र विकायचे नाही, भाड्याने द्यायचे, आणि कार्डेही आपल्याकडचीच घ्यायला लावायची, हा त्यांचा नियम. धंदा म्हणून हुशारीचा, पण त्याने मित्रही गमावले. स्वभाव तापट, आपल्या यंत्रात कुणी सुधारणा सुचवलेली खपत नसे. १९०० च्या जनगणनेनंतर नव्या संचालकांना भाड्याचा दर अवाच्या सवा वाटला. दोन्ही बाजू हटल्या नाहीत. १९०५ मध्ये जनगणना कार्यालयाने त्यांची यंत्रे परत केली आणि स्वतःची यंत्रे बनवायला घेतली. त्या कामावर नेमलेले जेम्स पॉवर्स पुढे स्वतःची कंपनी काढून होलेरिथ यांचे सर्वांत मोठे प्रतिस्पर्धी झाले. होलेरिथ कोर्टात गेले, पण हाती काही लागले नाही. ज्या कार्यालयाने त्यांना घडवले, त्याच कार्यालयाशी आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी वैर धरले. त्यात चूक कुणाची जास्त, हे ठरवणे अवघड नाही. एकमेव पुरवठादाराने दर अडवून धरला, तर सरकारने दुसरा मार्ग शोधणे स्वाभाविक होते.

१९११ मध्ये प्रकृतीच्या कारणाने त्यांनी कंपनी विकली. चार्ल्स फ्लिंट या उद्योजकाने तराजू आणि हजेरीची घड्याळे बनवणाऱ्या कंपन्यांसोबत ती एकत्र केली. १९१४ मध्ये तिथे थॉमस वॉटसन आले आणि १९२४ मध्ये तिचे नाव बदलले : इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स, म्हणजे आयबीएम. सल्लागार असलेल्या होलेरिथ यांनी नव्या माणसांना फारशी दाद दिली नाही. १९२१ मध्ये ते पूर्ण निवृत्त झाले. मेरीलँडमध्ये शेती, गाई, बोटी आणि उत्तम जेवण यांत उरलेली वर्षे गेली. १७ नोव्हेंबर १९२९ रोजी वॉशिंग्टनमध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

मोबाइलमधला फोटो म्हणजे किती कार्डे?...

सर्वांच्या ओळखीचे झालेले कार्ड त्यांच्या मृत्यूच्या एक वर्ष आधी, १९२८ मध्ये, आयबीएमने काढले. सव्वातीन इंच रुंद, सात इंचांहून थोडे लांब, जाडी एक पंचमांश मिलिमीटरहूनही कमी. गोल भोकांऐवजी चौकोनी, म्हणजे जवळजवळ पाडता येतील अशी. आधीच्या कार्डावर ४५ रकाने बसत, यावर ८० बसले. प्रत्येक रकान्यात १२ जागा. अंकासाठी एक भोक, इंग्रजी अक्षरासाठी दोन. 'ए' हवा असेल तर सर्वांत वरच्या ओळीत एक आणि एक क्रमांकाच्या ओळीत एक. एका रकान्यात एक अक्षर, एका कार्डावर ८० अक्षरे. या संकेताला होलेरिथ कोड असेच नाव पडले.

भोक बुजवता येत नाही. त्यामुळे एक अक्षर चुकले तर पूर्ण कार्ड नव्याने टंकावे लागे. चुका पकडायला दुसरी व्यक्ती तीच माहिती पुन्हा टंकत असे. जुळली तर कार्डाच्या कडेला खाच पडे, नाही तर लाल दिवा लागे.

आता हिशेब. २,००० कार्डांचे एक खोके. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिका क्षेत्रात १२ लाखांवर लोक होते. माणशी एक कार्ड धरले तर ६०० खोकी, आणि सगळी कार्डे एकावर एक रचली तर २१० मीटरहून उंच थप्पी. मोबाइलमधला तीन एमबीचा एक फोटो साठवायला साडेसदतीस हजार कार्डे लागतील, त्यांची थप्पी दोन मजली घराएवढी. आणि ६४ जीबीच्या साध्या फोनमधली सगळी जागा? ८० कोटी कार्डे, सुमारे १४२ किलोमीटर. विरारहून चर्चगेटला जाऊन परत आले तरी वीसेक किलोमीटर उरतील.

मोजणीची दुसरी बाजू...

होलेरिथ यांच्या पश्चात त्यांच्या यंत्रांचा एक वापर असा झाला, जो टाळून हे चरित्र पूर्ण होत नाही. जर्मनीत आयबीएमची डेहोमाग नावाची उपकंपनी होती. हिटलर सत्तेवर आल्यानंतर काही महिन्यांत, १९३३ मध्ये, प्रशियाच्या चार कोटींवर लोकांची गणना या कंपनीच्या यंत्रांवर झाली. कार्डावर धर्माचा रकाना होता. पुढच्या संहारात कार्डांचा नेमका वाटा किती, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. यंत्राच्या दृष्टीने मात्र विधवांची कार्डे वेगळी काढणे आणि ज्यूंची कार्डे वेगळी काढणे यांत काहीच फरक नव्हता. दोन्हीला एकच खण उघडत असे.

मुंबई-पुण्यात पंच कार्ड...

आपल्याकडे पंच कार्ड यंत्रे संगणकांच्या आधीच कंपन्यांच्या हिशेब विभागांत आली होती. १९६१ मध्ये मुंबईत एस्सो तेल कंपनीने आयबीएम १४०१ बसवला, तो कार्डांवरच चाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बनवलेला टिफ्रॅक कागदी पट्टीवर माहिती घेत असे, होलेरिथ यांनी सोडलेल्या पट्टीचाच तो नातलग. १९६४ मध्ये याच संस्थेत सीडीसी ३६०० आला आणि देशभरातील संशोधक आपली गणिते कुलाब्याला पाठवू लागले. १९६८ मध्ये सुरू झालेल्या टीसीएसच्या पहिल्या कामांत टिस्कोसाठी पंच कार्ड सेवा होती. एलआयसीत संगणक येताच कामगार संघटनांनी विरोध केला, कारण कार्डांच्या गठ्ठ्यांत त्यांना जाणाऱ्या नोकऱ्या दिसत होत्या.

पुण्याचा धागा तर थेट होलेरिथ आणि पॉवर्स यांच्या भांडणापर्यंत जातो. ब्रिटनमध्ये या दोघांच्या यंत्रांचा धंदा करणाऱ्या दोन कंपन्या १९५९ मध्ये एक झाल्या. त्यातून पुढे आयसीएल उभी राहिली, तिची भारतीय शाखा पुण्यात संगणक बनवू लागली आणि आजची झेन्सार ही कंपनी त्या शाखेतून निघाली.

ज्यांनी तेव्हा प्रोग्रॅम लिहिले त्यांचे दिवस कार्डांच्या लयीत जात. रबर लावलेला गठ्ठा खिडकीत द्यायचा, उत्तराची वाट पाहायची, एक स्वल्पविराम चुकला म्हणून ते कार्ड पुन्हा टंकून पुन्हा रांगेत. दमट हवेत कागद फुगला तर वाचकयंत्रात अडकायचा, म्हणून वातानुकूलन यंत्रासाठी आधी आणि माणसांसाठी नंतर. गठ्ठा हातातून निसटला तर क्रम लावणे जिकिरीचे, म्हणून अनुभवी लोक गठ्ठ्याच्या कडेवर पेनाने एक तिरकी रेघ मारून ठेवत. रेघ पुन्हा जुळली की क्रम जुळला.

१९७८ मध्ये आयबीएम भारतातून बाहेर पडली. पुढच्या दशकात चुंबकीय टेप, फ्लॉपी आणि पडद्याचे टर्मिनल आले, कार्डे रद्दीत गेली. प्रोग्रॅम लिहिणारे लोक आजही संगणकावर टर्मिनलची खिडकी उघडतात, तेव्हा ती बहुतेक वेळा एका ओळीत ८० अक्षरे मावतील एवढीच रुंद असते. १९२८ च्या कार्डावर मावत होती तेवढीच.